वादळवाऱ्यातला मांडव

मुंबईच्या उपनगरांत वेलभाजी लावायची ती मृगाच्या आसपास आणि खुडायची ती श्रावण-भाद्रपदात. दोडकी, घोसाळी, पडवळ, कारली, काकडी, आरेच्या उतारावरून टोपलीत येणारी कंटोळी, सगळ्यांचा मोसम हाच. वाऱ्यापावसाचा जोरही याच महिन्यांत. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या काळात सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण तो चार महिन्यांत सारखा वाटून पडत नाही. २६ जुलै २००५ ला तिथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा झाला नव्हता. त्यामुळे इथे वेल लावणाऱ्याला ‘वादळ आलंच तर बघू’ म्हणून चालत नाही. ते येणार हे धरूनच बी टोचायचं असतं. त्या दिवशी वेल किती वाढलेला असेल, त्यावरचं फळ कुठल्या अवस्थेत असेल आणि मांडव कसा बांधलेला असेल, एवढंच आपल्या हातात असतं. या पुस्तिकेचा विषय तेवढाच आहे, आणि तो लहान नाही.

ज्यांच्यासाठी ती लिहिली ती माणसं सगळ्या उपनगरांत विखुरलेली आहेत. अंधेरीत कुणी खिडकीच्या ग्रीलवर कारलं चढवतं, घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत दारापुढच्या तेलाच्या डब्यात घेवडा असतो, मुलुंडला डोंगराच्या कडेच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर ड्रम कापून केलेले वाफे दिसतात, बोरिवलीत एखाद्या जुन्या बंगल्याचं परस अजून उरलेलं असतं. या सगळ्यांमागे या शहराची स्वतःची एक परंपरा आहे. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचं चिपाड आणि ओला कचरा वापरून गच्चीवर भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारातून ‘थोड्या जागेत, मोजक्या पाण्यात, स्वतः मोजून पाहत’ शेती करण्याची दृष्टी आली. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यातून बाग उभी केली. या माणसांनी गच्चीवर पिकतं का, हा प्रश्न निकालात काढला. पिकलेलं वाऱ्यापावसातून ताटापर्यंत कसं आणायचं, यावर मात्र मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे.

थंड मुलखात घरामागे हॉप्स लावणाऱ्यांची काळजी हीच असते. बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं येणारा तो बहुवर्षायू वेल. हिवाळ्यात वरचा भाग मरतो, वसंतात मुळातून पुन्हा फुटतो आणि नेमकी काढणीच्या तोंडावर वाऱ्यापावसाची भीती असते. आपल्या देशात हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात तो लावला गेला. मुंबईत त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही, कारण त्याला थंडीतली विश्रांती आणि उन्हाळ्यातले लांब दिवस लागतात आणि आपला वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या पलीकडे जात नाही. पण त्या मळ्यांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे वेल सात-सात मीटर उंच तारांवर दोरीने चढवलेला असतो आणि काढणीच्या वेळी दोरीसकट अख्खा वेल खाली घेतात. म्हणजे आधार बांधतानाच तो खाली कसा यायचा, हे ठरलेलं असतं. आपल्याकडे मांडव बांधताना तो वर कसा टिकेल याचाच विचार होतो. तारा घट्ट पिळल्या जातात, बांबू भिंतीत रोवले जातात, आणि ऐन वादळात मांडव एकतर उभा राहतो नाहीतर वेलासकट आडवा होतो. तिसरी शक्यता आपण ठेवलेलीच नसते.

वादळ म्हटलं की आपल्याला नाव असलेलीच वादळं आठवतात. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. मुंबई थोडक्यात वाचली, पण श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईसमोरून समुद्रातून वर सरकलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेले आणि सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, तोही मे महिन्यात. समुद्रातून उत्तरेकडे जाणाऱ्या अशा वादळात वाऱ्याची दिशा दिवसभर फिरत राहते. सकाळी पूर्वेकडून येणारा वारा संध्याकाळी दक्षिण-नैऋत्येकडून येतो. एका बाजूने भक्कम टेकू दिलेला मांडव सकाळी तग धरतो आणि संध्याकाळी मागे कोसळतो, तो यामुळे.

वेलवाल्यांनी मात्र नाव नसलेली वादळं अधिक लक्षात ठेवावीत. ५ ऑगस्ट २०२० ला मुंबईत कुठलंही चक्रीवादळ नव्हतं, तरी कुलाब्याला ताशी १०७ किलोमीटरचे झोत नोंदले गेले आणि पुढच्या सकाळपर्यंत तिथे ३३० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पावसाळी वेलांना हा सर्वांत वाईट मुहूर्त. जूनमध्ये टोचलेला दोडका ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मांडवभर पसरलेला असतो, पानोरा सर्वांत दाट असतो, फळं लोंबत असतात. उन्हाळ्यातल्या वळवाचा वारा आणखी वेगळा. तो सहसा घाटाच्या बाजूने, पूर्वेकडून येतो, धुळीचे लोट घेऊन येतो आणि अर्ध्या तासात जातो. तेव्हा मांडवावर तोंडली किंवा उन्हाळी काकडी असते, किंवा नुसते नवे बांधलेले बांबू असतात. पावसाळा संपल्यावरही सुटका नाही. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर आलं आणि ओखीचा पाऊस तर डिसेंबर २०१७ मध्ये पडला, वालाच्या वेलांना फूल लागायच्या दिवसांत.

वाऱ्याबद्दल एक हिशेब प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ६० किलोमीटरचा वारा सपाट, बंद पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण १७ किलो दाब देतो, ताशी १०० चा जवळपास ४८ किलो. दोन मीटर उंच आणि तीन मीटर लांब ताटी म्हणजे सहा चौरस मीटर. ती पानांनी गच्च भरली असेल किंवा मागे हिरवी जाळी ताणून लावली असेल, तर शंभरच्या वाऱ्यात तिच्यावर पावणेतीनशे किलोंच्या आसपास जोर येतो. कुंडीत रोवलेला बांबू हा जोर घेऊ शकत नाही. सुतळी तर नाहीच.

१३ मे २०२४ ची घाटकोपरची दुर्घटना या शहराच्या मनातून जाणार नाही. धुळीच्या वादळात छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर जाहिरातीचा महाकाय फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. तो फलक नियमात बसणाऱ्या आकारापेक्षा कितीतरी मोठा होता. आपल्या गच्चीवरचा मांडव त्याच्यापुढे किरकोळ, पण वाऱ्याचा नियम दोघांनाही सारखाच लागू. सातव्या मजल्यावरून खाली गेलेली एक कुंडी किंवा सुटलेला बांबू माणसाचा जीव घ्यायला पुरेसा आहे. म्हणून या पुस्तिकेत वेलाआधी खालून चालणाऱ्या माणसाचा विचार केला आहे, आणि त्यात कुठेही सवलत दिलेली नाही. कठड्यावर कुंडी नको. ग्रीलच्या बाहेर लोंबणारी टांगती कुंडी जून ते सप्टेंबर आत घ्यायची. इशारा आला की हिरवी जाळी सगळ्यात आधी काढायची, कारण ती वारा अडवते, आणि अडवलेला वारा बांबू उखडतो. वेलासाठी हाताचा पंजा जाईल एवढ्या घरांची जाळी पुरते. पानांमधून वारा आरपार गेला पाहिजे.

वेलाच्या बाजूने विचार केला तर त्याने स्वतःची सोय आधीच करून ठेवलेली असते. चार्ल्स डार्विनने चढणाऱ्या वनस्पतींवर १८६५ मध्ये मोठा निबंध लिहिला. काकडी-दोडक्याच्याच कुळातला ब्रायोनी नावाचा एक जंगली वेल इंग्लंडच्या कुंपणांवर वाढतो. सोसाट्याचा वारा सुटला की डार्विन मुद्दाम बाहेर जाऊन त्या वेलाचं काय होतं ते पाहत असे. त्याला दिसलं ते असं: आधाराला धरलेला तणावा स्वतःला पिळत जातो, अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट दिशेने, आणि त्याची लवचीक गुंडाळी होते. वारा आला की ती ताणते, गेला की आवळते. वेल हलतो पण तुटत नाही. आसपासच्या झुडपांच्या फांद्या वाऱ्यात हेलकावत असतात तेव्हाही हा वेल तसाच राहतो.

दोडक्याचा तणावा बोटांत धरून पाहा. आधाराजवळचं टोक कडक, चिवट झालेलं असतं, मधला भाग पीळदार. मध्यावर एका ठिकाणी पीळ उलटा फिरलेला दिसतो. अशा वेलाला आपण प्लॅस्टिकच्या दोरीने बांबूशी करकचून बांधतो तेव्हा त्याची ही सोय काढून घेतो. मग हिसका तणाव्याऐवजी पोकळ, रसाळ देठावर बसतो आणि नेमका गाठीपाशीच वेल चिरतो. जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या घ्याव्यात, वेल आणि बांबू यांच्यामध्ये एक पीळ देऊन सैल बांधाव्यात, आणि तेही खोडाच्या खालच्या तीन-चार फुटांतच. वरचं काम तणाव्यांवर सोडावं.

मांडवाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. गच्चीवर कठड्याच्या उंचीच्या वर कायमचा पक्का मांडव नसावा. जाळी चार कोपऱ्यांना दोरीने टांगलेली असावी, दोरी कप्पीतून किंवा गुळगुळीत कडीतून गेलेली असावी आणि खाली सरकगाठीने अडकवलेली असावी. इशारा आला की चारही दोऱ्या हळूहळू सोडून जाळी कठड्याच्या आत, गुडघ्याएवढ्या उंचीवर आणायची. वेलाचा खालचा भाग सैल पडेल. तो कुंडीभोवती मोठ्या वळणाने गोल ठेवायचा, मोडायचा नाही. एखादं पान चुरगळेल, एखादा शेंडा वाकेल. कठड्याच्या आडोशाला वाऱ्याचा जोर पुष्कळ कमी असतो आणि वारा ओसरल्यावर जाळी पुन्हा वर घेता येते. हे काम दोन माणसांचं आहे, एकट्याने करू नये. शेजारच्या काकांना हाक मारायची. दुसऱ्या दिवशी दोन दोडकी त्यांच्याकडे जातातच.

हे कधी करायचं? हवामान खात्याचा पिवळा इशारा लक्ष ठेवायला सांगतो, केशरी तयारीत राहायला, लाल इशारा कृतीसाठी असतो. बागवाल्याने आपली सगळी कृती केशरीतच उरकावी, कारण लाल इशारा असताना आपण गच्चीवर असता कामा नये. विजा कडाडत असताना उघड्या गच्चीवर ओल्या बांबूला हात लावून उभं राहणं हा वेड्यासारखा धोका आहे, आणि वेलासाठी तो कुणीही पत्करू नये. अंधेरी-जोगेश्वरीच्या वेरावली टेकडीवर जानेवारी २०२२ पासून मुंबईचं दुसरं डॉप्लर रडार चालू आहे. उपनगरांवर चाललेले ढग त्यावर दिसतात आणि पुढच्या तीनेक तासांचे तातडीचे इशारे दिले जातात. तीन तास जाळी उतरवायला पुरतात. तोडणीला मात्र आदल्या दिवसाची कोरडी दुपारच हवी.

आता तोडणीबद्दल, कारण माझ्या लेखी वेल वाचवण्याचा पहिला उपाय तोच आहे. वाऱ्यात वेल मोडतो तो बहुतेक वेळा स्वतःच्या वजनाने नाही, फळाच्या वजनाने. पाव किलोचं पडवळ एका देठावर झुलतं तेव्हा प्रत्येक झोक्याला तो देठ वेलाला ओढतो. कोकणात आणि आपल्याकडेही पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने छोटा दगड बांधतात. शांत दिवसांत ही युक्ती उत्तम. वाऱ्यात तोच दगड शेजारच्या फळांवर आणि कोवळ्या फुटीवर आपटत राहतो, सुटला तर खाली जातो. केशरी इशारा आला की जाळीला हात लावण्याआधी सगळ्या पडवळांचे दगड सोडायचे.

घाबरून सगळंच तोडून टाकणं हे नुकसानच आहे. बोटाएवढी दोडकी, नुकतं फूल गळलेली कारली यांना वजन नसतं. ती वेलावरच राहू द्यावीत, वाचली तर पुढच्या आठवड्यात कामाला येतात. जे फळ दोन-तीन दिवसांत तयार होणार आहे ते मात्र आजच काढायचं. दोडक्याच्या शिरा उठून दिसू लागल्या पण नखाने साल सहज दबते, तो क्षण योग्य. नख रुतत नसेल तर आत जाळं धरायला लागलं आहे. असं एखादंच बियाणासाठी ठेवावं, बाकीची काढावीत. कारल्याचे खवले पसरट होऊन चकाकायला लागले की ते तयार. एकदा टोकाला पिवळसर झाक आली की घरात दोन दिवसांत नारिंगी होऊन उकलतं. काकडी थोडी लहानच काढलेली बरी. लाल भोपळा मात्र कच्चा काढू नये, साल नखाला दाद देत नसेल तरच काढावा, आणि तोही वीतभर देठासकट. देठ तुटलेल्या भोपळ्यात कुज तिथूनच शिरते. कच्चा भोपळा जमिनीवर उतरवून पेंढ्यावर टेकवून ठेवायचा.

ओढून काहीही तोडायचं नाही. डाव्या हाताने वेल धरायचा, उजव्या हाताने कात्रीने देठ कापायचा. एका हाताने फळ ओढलं की तणावे सुटतात, आणि उद्याच्या वाऱ्यात त्याच तणाव्यांवर सगळी मदार असते. काढलेलं फळ कोरड्या फडक्याने पुसून टोपलीत कागदावर पसरून ठेवावं. ओलं फळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये टाकलं आणि वीज गेली, की दुसऱ्या दिवशी पिशवीत बुळबुळीत पाणी साचतं. वादळाच्या दिवशी वीज जाते हे गृहीतच धरावं. घोसाळी आणि दोडकी आधी संपवायची, दुधी थांबतो.

वारा एकवेळ परवडला, पण साचलेलं पाणी नाही. पावसाच्या माऱ्याने गळलेली पानं वाहत जाऊन गच्चीच्या मोरीच्या तोंडाशी बसतात, मग गच्चीवर तळं होतं. चार इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो. लोक वावरतील अशा गच्चीसाठी आपल्याकडच्या बांधकाम मानकांत गृहीत धरलेला भारच साधारण चौरस मीटरला दीडशे किलो असतो. त्यात फूटभर जाडीचा भिजलेला मातीचा वाफा एकटाच पाचशे किलोंच्या आसपास जातो. म्हणून दोशींसारख्यांनी मातीऐवजी चिपाड, पालापाचोळा आणि कंपोस्ट वापरलं, ते नुसतं खताच्या दृष्टीने नव्हतं. हलकं माध्यम स्लॅबला मानवतं. वाऱ्यात मात्र हलक्या कुंड्याच आधी लोळतात. यावर तोड एकच: कुंड्या एकमेकींना चिकटवून कठड्याच्या कोपऱ्यात ठेवायच्या, सगळ्यांच्या गळ्याभोवती एकच दोर फिरवायचा आणि वजन हवंच असेल तर ते भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे द्यायचं. मोरीच्या तोंडावर जाळीची टोपी बसवायची आणि पाऊस चालू असताना तिच्यावरची पानं कोण काढणार, हे आधी ठरवून ठेवायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींचा विरोध बहुतेक वेळा या एका मोरीवरूनच सुरू होतो, आणि तो रास्त असतो.

वादळ गेल्यावर लगेच गुंता सोडवायला बसू नये. ओल्या पानांना हात लावत फिरलं की केवड्यासारख्या रोगांचा प्रसार आपणच करतो. पानं सुकेपर्यंत, गरज पडली तर पुढचा दिवसभर, थांबावं. चिरलेला वेल धारदार कात्रीने गाठीच्या खाली कापावा. मूळ आणि एक शेंडा शाबूत असला तर दोडका, कारलं, काकडी बाजूने पुन्हा फुटतात. भोपळ्याचा वेल जमिनीला टेकला असेल तर टेकलेल्या गाठीवर मूठभर माती घातली की तिथे मुळं धरतात. समुद्राजवळच्या भागात खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. वारा थांबल्यावर गोड्या पाण्याने पानं धुवावीत. गळून पडलेली फळं वेचून काढायचीच, ती कुजली की फळमाशी तिथे वाढते. खत आठवडाभर नको.

नंतरच्या आठ-दहा दिवसांत खरी अडचण फळधारणेची असते. संततधार पावसात मधमाश्या येत नाहीत, परागकण भिजून निकामी होतात, आणि मादी फुलं पिवळी पडून गळतात. तेव्हा हाताने परागीभवन करावं लागतं. इथे वेळ पाळायची असते. दोडका, दुधी आणि पडवळ यांची फुलं दिवस मावळताना उमलतात. कारलं, घोसाळं, काकडी आणि भोपळा यांची सकाळी. संध्याकाळी पावसाने उघडीप दिली की दोडक्याचं नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादी फुलाच्या मधल्या भागाला अलगद फिरवून लावायचं. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे देठावर बारकं दोडकं आधीच बसलेलं असतं. चारच दिवसांत ते फुगायला लागतं.

वादळानंतर लवकर फळ धरवण्याच्या या घाईला आपल्याकडे एक जुनं कारण आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसात हाताने पिकवलेलंच खायचं. त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत दोडकं, पडवळ, काकडी, अळू, लाल माठ, भेंडी, मका असं जे दारात असेल ते पडतं. घरच्या वेलाला त्या दिवसाइतका मान वर्षभरात कधी नसतो. २०२० मध्ये ऋषिपंचमी २३ ऑगस्टला होती, ५ ऑगस्टच्या वाऱ्यानंतर अठरा दिवसांनी. वादळाच्या दुसऱ्या आठवड्यात उमललेल्या मादी फुलाला हाताने पराग लावला तर तेवढ्यात दोडकं ताटात येतं, एवढा हा वेल चपळ आहे. बाजारात त्या आठवड्यात भाव काय होते याच्याशी मग आपला संबंध उरत नाही. यासाठीच मी बी दोन हप्त्यांत टोचायला सांगतो, पहिलं मृगात आणि दुसरं तीन आठवड्यांनी पिशव्यांत, आडोशाला. पहिला मांडव गेला तर दुसरी रोपं हाताशी असतात.

काही वेल मात्र वादळाला आपल्यापेक्षा नीट ओळखतात. आरे दुग्ध वसाहत १९४९ ची. तिथले वारली आणि इतर आदिवासींचे पाडे तिच्याहून जुने. पावसाळ्यात त्यांच्या बायका गोरेगाव-बोरिवलीच्या स्टेशनांबाहेर कंटोळी, टाकळा, शेवळं घेऊन बसतात. कंटोळीचा वेल पाऊस संपला की मरतो, जमिनीखालचा कंद तेवढा राहतो, आणि पुढच्या वर्षी पहिल्या सरींबरोबर पुन्हा वर येतो. त्याला पक्का मांडव लागत नाही, झुडपांवरून आडवा पसरला तरी चालतं; वाऱ्याने वरचा वेल पार मोडला तरी कंद सुरक्षित. नर आणि मादी वेल वेगळे, अगदी हॉप्ससारखे. हॉप्सवाले नर वेल बहुधा मळ्याबाहेर ठेवतात, कारण त्यांना बिनबियांची फुलं हवी असतात. कंटोळीला उलट: आठ-दहा मादी वेलांमागे एक नर नसेल तर फळच धरत नाही. बियांपासून लावल्यास कोण नर कोण मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून ओळखीच्या वेलाचे कंद मागून आणावेत. ज्यांच्याकडून आणाल त्यांना त्याचे पैसे द्या. हे ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे आणि उपनगरांच्या बांधकामात त्यांचीच जमीन सर्वांत आधी जाते. ज्यांना मांडवाची उठाठेव झेपत नाही, ज्यांच्या गच्चीवर वारा चारही बाजूंनी येतो, त्यांनी दोडक्याआधी कंटोळी आणि तोंडली लावावीत, असं मी आग्रहाने सांगेन. तोंडलीही कापून काढली तरी मुळातून फुटते.

पुस्तिकेतली प्रकरणं वेलांच्या नावांप्रमाणे नाहीत, महिन्यांप्रमाणे आहेत: मे महिन्यात आधार, जूनमध्ये बी, जुलैत बांधणी, ऑगस्टमध्ये तोडणी, असं. सर्वांत पहिलं प्रकरण गच्चीचा भार आणि मोरी यांचं आहे, कारण ते जमत नसेल तर पुढचं काही वाचण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे फक्त खिडकीची ग्रील आहे त्यांनी सरळ कारल्याच्या पानांवर जावं. ग्रीलला उंची कमी आणि आडोसा जास्त, कारलं तिथे उत्तम होतं, आणि वादळाच्या दिवशी खिडकीच्या आतूनच सगळी फळं काढता येतात.